डोंगराखालच्या लेआउटमधली पायवाट : हरकत घ्यावी, निधी मागावा की गप्प बसावं?

रानजाई (१२ एप्रिल)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज अडले म्हणून लिहितेय.

आमचं उपनगर राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे. नाव मुद्दाम देत नाही, आमचे सेक्रेटरीही इथे वाचतात. इमारतीमागे एक बंद पडलेला कारखाना, त्यामागे डोंगर. कारखान्याच्या कुंपणाला लागून एक पायवाट वर पाड्याकडे जाते. मी सतरा वर्षं रोज पहाटे तिथे फिरायला जाते.

आता कारखान्याच्या जागेचं पोटविभाजन होऊन सहा टॉवरचा लेआउट येतोय. परवा पेपरात महापालिकेची सूचना आली: विकास आराखड्यातल्या १३.४० मीटर रस्त्याची आखणी बदलायची आहे, महिनाभरात हरकती व सूचना द्या. त्याच आठवड्यात बिल्डरची माणसं सोसायटीत येऊन गेली. चहा, ढोकळा आणि लॅपटॉपवर रंगीत चित्रं. त्या चित्रांत आमच्या पायवाटेचा 'नेचर ट्रेल' झालाय. लाकडी कठडे, दिवे, ध्यान करणारी एक गोरी बाई. "सगळा खर्च आमचा, मॅडम."

सोसायटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, फुकट मिळतंय ते घ्या. दुसरा म्हणतो, बिल्डरचं काही नको, आमदार-नगरसेवकांच्या निधीतून ट्रेल करून घेऊ. मी हरकत फक्त रस्त्यावर घेऊ की पायवाटेचंही त्यातच लिहू? कोणी या वाटेने गेलंय का? (कोटी चुकून झाली, असू दे.)

पावभाजी९९
पहिला! ढोकळा कसा होता?

रानजाई
कोरडा.

चाळकरी
ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुमची इमारत उभी राहिली तेव्हा तिथेही कोणाची तरी फिरायची वाट होतीच की. आपण आत आलो की दार लावून घ्यायचं, ही मुंबईची जुनी सवय. लोकांना घरं हवीत. बंद कारखान्यात साप आणि गर्दुल्ले बसण्यापेक्षा टॉवर बरे. ट्रेल स्वखर्चाने करून देतायत, तर हार घाला आणि मोकळे व्हा.

आगाऊ_नकाशा
चाळकरी, घरं व्हावीत याबद्दल वाद नाही. पण 'करून देतायत' या शब्दांवर जरा थांबा. तीस वर्षं नगररचनेच्या नकाशांवर डोळे घालवले म्हणून बोलतो.

रानजाई, तुम्ही दोन गोष्टींची गाठ मारलीय. ती तशी बसावी म्हणूनच तर ढोकळा आला होता. मुंबईत साधं पोटविभाजन किंवा लेआउट मंजूर करताना जनतेला कोणी विचारत नाही. वास्तुविशारद प्रस्ताव टाकतो, इमारत प्रस्ताव खातं तो नियमावलीशी ताडून बघतं, अटी घालतं, मंजूर करतं. जाहिरात नाही, सुनावणी नाही. तुमच्याकडे जाहिरात आली ती आराखड्यातला रस्ता हलतोय म्हणून. आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात फेरबदल करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं कलम ३७ लागतं. राजपत्रात सूचना, महिनाभर हरकती, हरकत घेणाऱ्यांची सुनावणी, मग प्रस्ताव मंत्रालयात. शेवटचा शिक्का नगरविकास विभागाचा. थोडक्यात, या सगळ्या प्रकरणात तुम्हाला तोंड उघडायला मिळेल अशी जागा ही एवढीच, आणि तीही महिनाभर. पायवाटेचं याच कागदात लिहा. नंतर लिहायला कागद मिळणार नाही.

आता ट्रेल. तो त्या चित्रात नेमका कुठे दाखवलाय? पैज लावतो, लेआउटच्या आरजीत असणार. म्हणजे मनोरंजन मैदानासाठी सोडायची मोकळी जागा. जुन्या १९९१ च्या नियमावलीत मोठ्या भूखंडाला ती २५ टक्के होती. नव्या नियमावलीत टक्के बदलले, पण सोडावी लागतेच. ती जमिनीवरच हवी, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीत, कुंड्या मांडून चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. म्हणजे जी जागा त्यांना मोकळी सोडणं भागच आहे, तिच्यावर लाकडी कठडा लावून ती तुम्हाला भेट म्हणून दाखवतायत. आणि आरजी असते लेआउटमधल्या रहिवाशांसाठी. तुम्ही तिथल्या रहिवासी नाही. गेट त्यांचं, वॉचमन त्यांचा.

तिसरा_मजला
नकाशाकाकांना कडक अनुमोदन. आमच्या शेजारच्या लेआउटची गोष्ट. विक्रीच्या वेळी माहितीपत्रकात जॉगिंग ट्रॅक 'परिसरातील सर्वांसाठी' होता. दोन वर्षं आम्ही गेलोही. मग त्यांची सोसायटी स्थापन झाली आणि गेटवर वही आली.

"कुणाकडे जायचंय?"
"चालायला."
"कुठल्या फ्लॅटला?"
"फ्लॅटला नाही हो, चालायला."
"मग फ्लॅट नंबर लिहा."

वडिलांनी चिडून ०००० लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून वहीही बंद आणि आम्हीही. भांडायचं कोणाशी? बिल्डर पुढच्या प्रकल्पावर गेलेला, सोसायटी म्हणते देखभालीचे पैसे आम्ही भरतो. आणि खरं सांगू का, त्यांचंही चूक नव्हतं.

पावभाजी९९
०००० हा फ्लॅट आता पुनर्विकासात पात्र आहे का?

खाष्ट_आजोबा
ज्या शहरात बांधकामाच्या पहिल्या परवानगीला आयओडी म्हणतात, म्हणजे 'नामंजुरीची सूचना', आणि ती हातात पडली की पेढे वाटतात, तिथे 'सर्वांसाठी' या शब्दाचा अर्थ काय लावायचा तो लावा.

चाळकरी
बरं, आरजीचं पटलं. मग दुसरा तट बरोबर. आमदारांना वर्षाला ५ कोटी मिळतात, आता नगरसेवकही आलेत. घ्या त्यांच्याकडून.

आगाऊ_नकाशा
कशावर घ्या? पैसा टाकायला खाली जमीन लागते. आज ती पायवाट कोणाच्या मालकीची आहे? कारखान्याची असेल तर ती आता बिल्डरची. सार्वजनिक पैशाने खासगी जागेवर फरशा बसवायच्या आणि मग गेट लागलं की आरडाओरडा करायचा? आधी ती पट्टी कागदावर सार्वजनिक झाली पाहिजे. एकदा झाली की पैसा हा सगळ्यात सोपा भाग. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. तीनशे-चारशे मीटर पायवाटेला त्यातलं किती लागतं?

सायकलस्वार_सुम्या
'पैसा सोपा' हे अगदी खरं, आणि तिथेच घोळ होतो. पवईचं आठवा. तलावाकाठी सायकल आणि जॉगिंगचा ट्रॅक, पैसा होता, हौस होती, काम सुरूही झालं होतं. आयआयटीतले विद्यार्थी कोर्टात गेले आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवलं. टाकलेला भराव काढा, जागा होती तशी करा. तलावावर झालेला खर्च तलावातच गेला.

बीकेसीतल्या ट्रॅकवर सायकलपेक्षा मोटारी जास्त उभ्या असायच्या. तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा ट्रॅक ठरला होता, मुलुंडपासून शीवपर्यंत. कल्पना अजूनही मला आवडते. आता विचारा, सलग किती किलोमीटर सायकल चालवता येते.

माळावरची
सुम्या, त्या जलवाहिनीच्या गोष्टीचा अर्धा भाग राहिला. दोन्ही बाजूंचा १० मीटरचा पट्टा कोर्टाच्या आदेशाने मोकळा केला, तेव्हा तिथल्या कितीतरी कुटुंबांना माहुलला पाठवलं. रिफायनऱ्यांच्या शेजारी. लोक आजारी पडले, आंदोलनं झाली, पुन्हा कोर्ट झालं. जलवाहिनीची सुरक्षा महत्त्वाची, मान्य. पण ट्रॅकच्या उद्घाटनाच्या फोटोत माहुल नसतं.

म्हणून रानजाई, एक विचारते. तुमची ती वाट पाड्याकडे जाते म्हणालात. मग ती तुमची फिरायची वाट आहे की त्यांचा रस्ता?

रानजाई
माळावरची, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात घोळतोय.

त्यांचाच रस्ता आहे. मला फेरी, त्यांना रस्ता. पाड्यातल्या बायका त्याच वाटेने पाट्या घेऊन स्टेशनबाहेर बसायला येतात. मुलं शाळेत त्याच वाटेने. रिक्षाच्या रस्त्याने आलं तर डोंगराला वळसा पडतो, पाऊण तास जास्त. पहिल्या पोस्टमध्ये मी हे लिहिलंच नाही. सतरा वर्षं रोज 'काय मावशी' म्हणते आणि लिहिताना आठवलं ते माझं चालणं.

पोटोबा
पाट्या?? म्हणजे रानभाज्या? शेवळं मिळतात का तुमच्याकडे?

रानजाई
पहिल्या पावसाबरोबर. मग कुर्डू, टाकळा, फोडशी.

पोटोबा
मालक, धागा कुठे चाललाय कळतंय, पण शेवळाला काकडं (ती आंबट फळं) घालायला विसरू नका. मी एकदा नुसती केली होती. घशाला अशी खाज सुटली की सासरे दोन दिवस बोलले नाहीत. तसे ते एरवीही बोलत नाहीत, पण तेव्हा कारण होतं.

खाष्ट_आजोबा
काकडं नसतील तर चिंच, आमसूल. आणि शेवळाचा पिवळा भाग काढून टाकायचा असतो. तो ठेवला असणार.

पोटोबा
ठेवला होता.

वकील_नव्हे_पण
भाजीतून बाहेर या. 'सतरा वर्षं चालतेय म्हणजे हक्क मिळाला' असं कोणीतरी म्हणणारच आहे, म्हणून आधीच लिहितो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये वीस वर्षं खंड न पडता, उघडपणे, हक्क म्हणून वापर झाला तर वहिवाटीचा हक्क लागतो. पण तो एका जमिनीला दुसऱ्या जमिनीवर मिळतो. पहाटे फिरायला येणाऱ्या मंडळींना तो नाही, मग ती वीस वर्षं येवोत की चाळीस. पाड्याची गोष्ट वेगळी. गावाचा, वस्तीचा रूढीने चालत आलेला हक्क असतो, कायदा तोही ओळखतो. तिथे 'किती वर्षं' यापेक्षा 'कधीपासून' हा प्रश्न येतो. त्यामुळे ताई, हरकतीत स्वतःच्या फेरीला दुसऱ्या परिच्छेदात ढकला. पहिला पाड्याला द्या.

बे_एरियाकर
इकडची माहिती, तुलना करायला. कॅलिफोर्नियात १९६५ चा क्विम्बी कायदा आहे. जमिनीचं असं विभाजन करणाऱ्याकडून शहर किंवा काउंटी उद्यानासाठी जमीन किंवा तिच्या बदल्यात शुल्क घेऊ शकते. प्रमाण साधारण दर हजार रहिवाशांमागे ३ एकर, काही ठिकाणी ५ पर्यंत. नकाशा प्लॅनिंग कमिशनपुढे येतो, जाहीर सुनावणी होते, कोणीही उठून बोलतो. ट्रेल असेल तर लोकांचा जाण्यायेण्याचा हक्क त्या नकाशावरच नोंदवून घेतात. मग घरं विकली, मालक बदलले, तरी ट्रेल राहतो. आमच्या गावात अशाच एका सुनावणीला मी गेलो होतो. दोन तास चर्चा, त्यातला दीड तास घोड्यांच्या लिदीवर.

चाळकरी
दर हजार माणसांमागे ३ एकर! इथे तीन एकरांत तीन हजार माणसं राहतात आणि गच्चीवर क्रिकेटही खेळतात.

आगाऊ_नकाशा
लीद सोडा, त्यातलं 'नकाशावर नोंदवून घेतात' तेवढं उचला. रानजाईंनी मागायचं ते हेच. ट्रेल नको, कठडे नकोत, दिवे नकोत. हरकतीत लिहा: रस्त्याची आखणी बदलताना सध्याची पायवाट आराखड्याच्या नकाशावर सार्वजनिक पादचारी मार्ग म्हणून दाखवावी, तिची रुंदी लिहावी, ती लेआउटच्या आरजीत मोजू नये, महापालिकेकडे हस्तांतरित झाल्याशिवाय पुढची परवानगी देऊ नये आणि तिच्यावर गेट असू नये. नवा रस्ता वळवून त्यांची जागा सलग होणार आहे, फायदा त्यांना आहे. मागायची हीच वेळ.

शिवाय भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढा. अशा वाटा त्यावर तुटक रेघेने दाखवलेल्या असतात. ती रेघ सापडली तर तुमच्या सतरा वर्षांची गरजच नाही.

जंगलबुक_नको
कोणी इको सेन्सिटिव्ह झोन (पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र) काढलाच नाही अजून? राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या क्षेत्राची अधिसूचना डिसेंबर २०१६ ची आहे. एकूण ५९.४६ चौरस किलोमीटर. पण रुंदी सगळीकडे सारखी नाही, कुठे १०० मीटर, कुठे ४ किलोमीटर. त्यामुळे 'जंगल तर लांब आहे' हे तोंडी ऐकू नका, जागेचा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक त्यात आहे का ते तपासा. त्या पट्ट्यात बांधकाम सरसकट बंद नाही, पण नियमन आहे. दुसरं, डोंगराखालच्या जमिनींवर खासगी वनाचा शेरा असायचा. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच जमीनमालकांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा मुलुंड, कांदिवलीतल्या हजारो फ्लॅटवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तुमच्या कारखान्याच्या सातबाऱ्यावर काय आहे तेही बघा.

आणि ट्रेलवर दिवे तर अजिबात नकोत. टॉवर आले की कचरा येतो, कचऱ्यावर कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मग व्हॉट्सॲपवर 'बिबट्या सोसायटीत घुसला'. तो घुसत नाही हो, तो जेवायला येतो.

पावभाजी९९
बिबट्याने हरकत कोणत्या कलमाखाली नोंदवायची?

खाष्ट_आजोबा
त्याला सुनावणीचं पत्र पाठवा. येतो का बघू.

दक्षिणेकडचा
इतका निराशेचा सूर कशाला? आमच्याकडे मलबार हिलचा उन्नत निसर्गमार्ग बघा. ४८५ मीटर, मार्च २०२५ मध्ये सुरू झाला. झाडांमधून लाकडी पूल, खाली चौपाटी. पहाटे पाचला उघडतो. आईला घेऊन गेलो, ती अजून सांगत सुटलीये सगळ्यांना. महापालिकेला मनात आलं की जमतं.

माळावरची
सुंदर आहे, मीही गेले. तिकीट २५ रुपये. आता पाड्यातली मावशी टाकळ्याच्या पाच जुड्या विकायला निघालीय अशी कल्पना करा. ट्रेल म्हणजे जिथे जाण्यासाठी जायचं असतं. रस्ता म्हणजे कुठेतरी पोचायला. एकाच पट्टीवर दोन्ही बसवता येतात, पण आधी कोणाचं ते ठरवावं लागतं.

तिसरा_मजला
पेव्हर ब्लॉकचं पण लिहा हरकतीत. मातीची वाट मातीचीच ठेवा. माझ्या गुडघ्यांच्या वतीने.

रानजाई (२ मे)
हरकत दिली. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का मारून पोच घेतली. नकाशाकाकांचा मजकूर जवळपास तसाच, पहिला परिच्छेद पाड्याचा. माझी फेरी तिसऱ्या परिच्छेदात गेली, वकीलसाहेबांनी सांगितलं होतं त्याहून एक खालीच.

सोसायटीत मात्र नाराजी आहे. सेक्रेटरी म्हणाले, "ट्रेल हातचा घालवलात, आणि वर आपल्या भिंतीमागून कायमची वर्दळ मागून घेतलीत." मी म्हटलं, वर्दळ आजही आहे. म्हणाले, "आज आहे ती कच्ची आहे." कच्ची वर्दळ हा प्रकार मला नवीन.

चाळकरी
सेक्रेटरींची बाजू मी घेतो, कारण इथे कोणीच घेणार नाही. भिंतीमागे सार्वजनिक वाट झाली की उद्या तिथे गाड्या लागतील, परवा टपरी, तेरवा दुसरं काही. मुंबईत सार्वजनिक म्हणजे बेवारस, असा लोकांचा अनुभव आहे. देखभाल कोण करणार ते हरकतीत लिहिलंय का?

रानजाई
नाही. हे राहिलं. सुनावणीत बोलेन.

आगाऊ_नकाशा
चाळकरी, मुद्दा रास्त. निधीची खरी गरज तिथे आहे. वाट करायला नाही, वाट राखायला. गटार, उतारावरची माती, वर्षातून दोनदा झाडोरा कापणं. त्याला कोणी नारळ फोडत नाही, म्हणून त्याला निधीही मिळत नाही. नगरसेवकाकडे मागायचंच तर वॉर्डच्या देखभाल तरतुदीत ही वाट नावानिशी घालायला सांगा. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर जवळपास चार वर्षं फक्त प्रशासक होते, सांगायलाही कोणी नव्हतं. आता आहेत, तर त्यांना कामाला लावा.

रानजाई (२९ जून)
सुनावणी झाली. पत्रात अकराची वेळ, नंबर लागला पावणेदोनला. माझा चौदावा. आधीचे बरेच जण रस्त्यामुळे त्यांच्या दुकानाचा कोपरा जातो म्हणून आलेले.

मी एकटी गेले नाही. वरच्या पाड्यातल्या मावशींना घेऊन गेले. त्या सकाळची विक्री सोडून आल्या. अधिकाऱ्यांनी हरकत वाचली, विचारलं, ही वाट किती वर्षं वापरात आहे? मी सतरा म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "माझं लगीन झालं तवा कारखाना नव्हता. वाट हुती."

अधिकाऱ्यांनी मान वर करून बघितलं आणि ते लिहून घेतलं. गाव नकाशाची नक्कलही जोडून घेतली. तुटक रेघ आहे, काका! अंधुक आहे, पण आहे. देखभालीचं बोलले, ते म्हणाले तो विषय या फेरबदलात येत नाही, वॉर्डला वेगळं पत्र द्या. दिलं.

बिल्डरचे वास्तुविशारदही होते. ते म्हणाले, पादचारी मार्गाला आमची हरकत नाही, फक्त तो उत्तरेच्या कुंपणाने न्यावा. उत्तरेला नाला आहे. पावसाळ्यात तिथून बदकंही जात नाहीत. हेही मी बोलले. पुढे काय ते मंत्रालयात ठरेल.

वकील_नव्हे_पण
मावशींचं ते वाक्य शपथपत्रावर घ्या. लगेच. पाड्यातल्या आणखी दोन-तीन वयस्कर माणसांचंही. आणि नाल्याचे आत्ताच फोटो काढा, पाणी असताना. नोव्हेंबरात तो सुका दिसेल आणि वाट मस्त दिसेल.

सायकलस्वार_सुम्या
फोटोत उंचीसाठी कोणीतरी उभं करा. मी येतो, सहा फूट आहे.

चाळकरी
मीही येतो. घरं व्हावीत हे मत कायम आहे. पण नाल्यातून पाटी घेऊन कोणी जाऊ नये.

पोटोबा
मीही. येताना भाजी घ्यावी म्हणतो. मावशी कुठल्या दिवशी बसतात?

रानजाई
बुधवार आणि शनिवार, स्टेशनच्या पुलाखाली, डावीकडे. शेवळं आता संपत आली, लवकर या. आणि काकडं मागून घ्या, त्या आपणहून देत नाहीत.